फिनिक्स सन्स : तीन मोठे करार, गोठलेला पिक आणि हरवलेली मोकळीक

हिशोबनीस (धागालेखक)

केव्हिन ड्युरँट ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला आणि पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये ब्रॅडली बीलचा करार मोडून त्याला मोकळे करण्यात आले. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील फिनिक्स सन्स संघाचा, तीन दिग्गज एकत्र आणण्याचा, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेला प्रयोग तिथे संपला. निकाल सर्वांना ठाऊक आहे. २०२३-२४ मध्ये ४९ विजय मिळाले, पण प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ४-० असे हरवले. २०२४-२५ मध्ये ३६ विजय, ४६ पराभव झाले आणि संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला. मॉन्टी विल्यम्स, फ्रँक व्होगेल आणि माइक बुडेनहोल्झर हे तीन प्रशिक्षक लागोपाठच्या तीन वर्षांत घरी पाठवले गेले. हा धागा प्रशिक्षकांविषयी नाही. ट्रेडचे (संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीचे) धोरण आणि वेतनमर्यादेतील (कॅपमधील) मोकळीक यांचा हिशोब कुठे चुकला, एवढ्याच प्रश्नावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

या विषयावर लिहिताना बहुतेक जण 'मोकळीक' म्हणजे कॅपखाली शिल्लक असलेली जागा असे गृहीत धरतात. माझ्या मते एनबीएमध्ये ही समजूत अपुरी आहे, कारण बहुतांश चांगले संघ वर्षानुवर्षे कॅपच्या वरच असतात आणि तरीही त्यांच्यातील काही संघ सतत हालचाल करू शकतात, तर काही जागच्या जागी अडकून पडतात. त्यांच्यातील फरक रकमेत कमी आणि त्या रकमेच्या विभागणीत जास्त असतो. ज्या संघाकडे एक ते अडीच कोटी डॉलरचे तीन-चार करार आणि स्वतःच्या ताब्यातले पहिल्या फेरीचे पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचे हक्क) असतात, तो कॅपच्या कितीही वर असला तरी बाजारात उभा राहू शकतो. ज्याच्याकडे तीन प्रचंड करार आणि उरलेली सगळी किमान वेतनावरची माणसे असतात, त्याच्याकडे देण्यासारखे काही राहत नाही.

२०२४-२५ चे आकडे पाहावेत. ड्युरँटचे वेतन सुमारे ५.१२ कोटी डॉलर, बीलचे ५.०२ कोटी आणि डेव्हिन बुकरचे ४.९२ कोटी होते. तिघांची बेरीज १५ कोटींच्या पुढे जाते, आणि त्या हंगामाची संपूर्ण वेतनमर्यादा १४.०६ कोटी होती. पंधरा जणांच्या संघासाठी आखलेली मर्यादा तीन माणसांनीच ओलांडली होती. दुसरा ॲप्रन, म्हणजे ज्या रेषेच्या वर गेल्यास सर्वांत कडक निर्बंध लागू होतात ती रेषा, १८.८९ कोटींवर होती आणि सन्स तिच्याही बरेच वर होते.

दुसऱ्या ॲप्रनच्या वर असलेल्या संघाला एका ट्रेडमध्ये दोन खेळाडूंची वेतने एकत्र करून मोठ्या वेतनाचा एक खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, मिड-लेव्हल सवलत (कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू मध्यम वेतनावर घेण्याची मुभा) वापरता येत नाही, पाठवलेल्या वेतनापेक्षा एक डॉलरही जास्त वेतन परत घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो, म्हणजे तो ट्रेडमध्ये देता येत नाही. सन्सचा २०३२ चा पिक याच कारणाने गोठला आहे.

तीन दिग्गज एकत्र आणणे ही मूळ कल्पना मला वाईट वाटत नाही. मला खटकतो तो त्यांतला दुसरा व्यवहार. ड्युरँटचा ट्रेड फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला. नव्या सामूहिक करारावर मालक आणि खेळाडू संघटना यांची सहमती झाली ती एप्रिलमध्ये. बीलचा ट्रेड जूनमध्ये झाला. पहिला व्यवहार जुन्या नियमांच्या जगात केलेला होता आणि दुसरा, नवे नियम समोर छापलेले असताना. या दोन्ही व्यवहारांना एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते.

वाळवंटातला

हिशोबनीस, उत्तम मांडणी. मी फिनिक्स परिसरात राहतो, त्यामुळे माझे मत थोडे भावनेकडे झुकलेले असेल, हे आधीच सांगतो.

ड्युरँटसाठी ब्रुकलिनला दिलेली किंमत आज ऐकताना अंगावर येते. मिकल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ चे पहिल्या फेरीचे चार पिक, तेही कोणत्याही संरक्षणाविना (पिक कितीही वरचा आला तरी द्यायचाच), आणि वर २०२८ चा स्वॅप (पिकची अदलाबदल करण्याचा हक्क). पुढे ब्रुकलिनने एकट्या ब्रिजेसला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवून पहिल्या फेरीचे पाच पिक मिळवले, तेव्हा इकडच्या रेडिओवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी. २०२१ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि मिलवॉकीकडून ४-२ असा हरला. पुढच्या हंगामात ६४ विजय मिळाले. ख्रिस पॉलचे वय वाढत होते. मॅट इश्बिया यांच्या हाती मालकी आली आणि काही दिवसांतच हा ट्रेड झाला, म्हणून त्याला 'नव्या मालकाची हौस' म्हणण्याची पद्धत पडली आहे. तरीही त्या वर्षीचा प्लेऑफ आठवावा. डेन्व्हरने विजेतेपद मिळवताना एकूण फक्त चार सामने गमावले, आणि त्यांतले दोन सन्सविरुद्ध. त्या मालिकेत पॉल जायबंदी झाला होता. म्हणजे तो संघ शिखरापासून फार दूर नव्हता.

बीलच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. त्याच्या करारात नो-ट्रेड क्लॉज होता, आणि तो कराराबरोबर फिनिक्सलाही आला. असा क्लॉज संपूर्ण लीगमध्ये त्या वेळी दुसऱ्या कोणाकडेही नव्हता. पाच वर्षांचा, २५ कोटी डॉलरचा करार आणि त्यावर खेळाडूचा नकाराधिकार, एवढे पाहिल्यावरच थांबायला हवे होते.

नवा_प्रेक्षक

मी आयपीएलचा प्रेक्षक आहे आणि बास्केटबॉल अलीकडेच पाहू लागलो आहे. आयपीएलमध्ये २०२५ च्या लिलावासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते, आणि त्यापलीकडे कोणालाच जाता येत नव्हते. मग एनबीएमध्ये मर्यादा १४ कोटी डॉलर असताना एखादा संघ २१ कोटी खर्च करतोच कसा? आणि करू शकत असेल, तर तिला मर्यादा का म्हणायचे?

हिशोबनीस

प्रश्न अगदी योग्य आहे आणि पुढील चर्चेसाठी त्याचे उत्तर आवश्यक आहे.

आयपीएलची मर्यादा ही भिंत आहे. एनबीएची मर्यादा मुख्यतः बाहेरचा खेळाडू नव्याने करारबद्ध करताना आडवी येते. स्वतःचा खेळाडू टिकवण्यासाठी ती ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डच्या नावावरून 'बर्ड हक्क' म्हणतात. त्यामुळे संघ चांगला असेल आणि खेळाडू घरचे असतील, तर वेतनबिल आपोआप मर्यादेच्या वर जाते. वर गेल्यावर आधी लक्झरी टॅक्सची (जादा खर्चावरील कराची) रेषा, मग पहिला ॲप्रन आणि मग दुसरा ॲप्रन लागतो. २०२५-२६ साठी मर्यादा धरून या चार रेषा अनुक्रमे १५.४६, १८.७९, १९.५९ आणि २०.७८ कोटी डॉलरवर होत्या.

ट्रेडच्या बाबतीत आयपीएलशी असलेला फरक अधिक महत्त्वाचा आहे. हार्दिक पंड्याला गुजरातकडून मुंबईने घेतले तो व्यवहार पूर्णपणे रोखीचा होता, आणि त्यासाठी पर्समध्ये जागा करायला मुंबईने कॅमेरून ग्रीनला बेंगळुरूकडे पाठवले. एनबीएमध्ये कॅपच्या वर असलेल्या संघाला असे करता येत नाही. पाच कोटींचा खेळाडू हवा असेल तर जवळपास तेवढ्या वेतनाचे खेळाडू समोरच्या संघाला द्यावे लागतात. म्हणून तिथे करार हे एक प्रकारचे चलन असते, आणि ज्याच्याकडे फक्त मोठ्या नोटा आहेत त्याला सुट्ट्याअभावी काहीच विकत घेता येत नाही.

पूर्वी श्रीमंत मालक टॅक्स भरून मोकळा होत असे. गोल्डन स्टेट आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स यांनी तसेच केले. २०२३ च्या करारात हा मार्ग बंद करण्यासाठी दंड पैशांबरोबरच अधिकारांच्या रूपातही ठेवला गेला. पैसा इश्बियांकडे भरपूर होता. २०२४-२५ मध्ये त्यांनी एकट्या टॅक्सपोटी सुमारे १५ कोटी डॉलर भरले. जे विकत घेता येत नाही तेच त्यांच्याकडून काढून घेतले गेले.

रिबाउंड_ताई

हिशोबनीस, आपल्या मांडणीतील मुख्य मुद्दा मला मान्य आहे, परंतु एक गोष्ट आपण सोडून दिलीत. सन्सच्या व्यवस्थापनाला मध्यम करारांचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी डिआंद्रे एटनचा एक मोठा करार देऊन त्या बदल्यात युसुफ नुर्किच आणि ग्रेसन ॲलन यांच्यासह अनेक खेळाडू आणले, म्हणजे मोठी नोट मोडून सुट्टे घेतले. ॲलनला पुढे चार वर्षांसाठी ७ कोटींचा करार दिला, रॉइस ओनीलला चार वर्षांसाठी ४.४ कोटींचा. यातील हेतू उघड आहे : कॅपच्या वर असताना नवे मध्यम करार निर्माण करण्याचा जवळपास एकमेव मार्ग म्हणजे हाताशी असलेल्या खेळाडूंना बर्ड हक्काने मुदतवाढ देणे.

मात्र दुसऱ्या ॲप्रनच्या वर राहिल्यामुळे हे सुट्टे एकत्र करून वापरण्याची परवानगीच त्यांच्याकडे नव्हती. ॲलन आणि ओनील यांची वेतने मिळून अडीच कोटींच्या आसपास जात होती, पण दोघांना जोडून तेवढ्या वेतनाचा एक खेळाडू आणता येत नव्हता. नुर्किच शेवटी शार्लटला गेला, तो २०२६ चा पहिल्या फेरीचा एक पिक सोबत घेऊनच, आणि बदल्यात कोडी मार्टिन व वासिलिये मिचिच आले. अवघ्या दीड वर्षात मालमत्तेचे ओझे कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून मी थोडी दुरुस्ती सुचवते. नुसते मध्यम करार असून भागत नाही. ते जिथे वापरता येतात त्या रेषेच्या खाली असणेही तितकेच आवश्यक आहे.

तिसरा_कोपरा

एक विरोधी सूर. हे सगळे निकालानंतरचे शहाणपण आहे का, असा प्रश्न मला पडतो. बॉस्टननेही त्याच उन्हाळ्यात हेच केले. जून २०२३ मध्ये क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, १ ऑक्टोबरला ज्रू हॉलिडे, शिवाय जेलन ब्राउनला ३० कोटींच्या घरातला करार. बॉस्टनला २०२४ चे विजेतेपद मिळाले म्हणून ते चतुर ठरले आणि फिनिक्सला मिळाले नाही म्हणून ते मूर्ख. नियम दोघांनाही सारखेच होते.

हिशोबनीस

तिसरा_कोपरा, तुलना योग्य आहे, पण ती माझ्याच बाजूने जाते असे मला वाटते.

बॉस्टनने पोर्झिंगिससाठी मार्कस स्मार्टला मेम्फिसकडे पाठवले आणि त्या व्यवहारात स्वतःच पहिल्या फेरीचे दोन पिक मिळवले. हॉलिडेसाठी माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. स्मार्ट, ब्रॉग्डन आणि विल्यम्स हे तिघेही एक ते सव्वादोन कोटींच्या पट्ट्यातले करार होते. असे करार साठवून ठेवलेले होते म्हणूनच दोन मोठे खेळाडू आणता आले, आणि आणल्यावरही डेरिक व्हाइट आणि पेटन प्रिचर्ड हातात राहिले. शिवाय कडक निर्बंध पूर्णपणे लागू होण्यापूर्वीच बॉस्टनने सर्व जुळवाजुळव उरकली होती.

फिनिक्सने बीलसाठी काय दिले ते पाहावे. ख्रिस पॉलचा त्या वर्षीचा करार ३.०८ कोटींचा होता, त्यातील केवळ १.५८ कोटी हमीचे होते, आणि पुढचे वर्ष पूर्णपणे बिनहमीचे. असा करार म्हणजे वाटाघाटीतील हुकमी पत्ता. ज्या संघाला खर्च कमी करायचा आहे तो अशा करारासाठी दोन उपयुक्त खेळाडू द्यायला तयार होतो. तो करार, लँड्री शॅमेट, दुसऱ्या फेरीचे सहा पिक आणि २०२४, २०२६, २०२८ व २०३० चे स्वॅप वॉशिंग्टनला देऊन फिनिक्सने बुकर आणि ड्युरँट यांच्याच पद्धतीने चेंडू हाती ठेवून खेळणारा तिसरा खेळाडू आणला, तोही नकाराधिकारासकट. खेळाच्या दृष्टीने पुनरावृत्ती आणि हिशोबाच्या दृष्टीने कुलूप, असे दोन्ही दोष एकाच व्यवहारात आले.

विजेतेपद मिळाले नसते तरी बॉस्टनच्या रचनेत मागे फिरायला वाट होती. २०२५ मध्ये त्यांनी ती वापरली. त्यांचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याची टाचेमागची (अकिलीस) कंडरा प्लेऑफमध्ये तुटली, वेतन आणि टॅक्स मिळून पुढच्या हंगामाचे बिल ५० कोटी डॉलरकडे झुकत होते, आणि काही आठवड्यांत हॉलिडे पोर्टलंडला व पोर्झिंगिस अटलांटाला गेले. त्यासाठी पहिल्या फेरीचा एकही पिक द्यावा लागला नाही. ते दोघे कोणालातरी हवे होते. बील कोणालाही नको होता, आणि ज्यांना कदाचित हवा असता त्यांच्याकडे जायचे की नाही ते बीलच ठरवणार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायामीच्या जिमी बटलरसाठीची चर्चा इथेच अडली, कारण बीलचा करार पुढे सरकल्याशिवाय तेवढ्या वेतनाची जुळणी होत नव्हती. बटलर गोल्डन स्टेटला गेला.

वाळवंटातला

त्या आठवड्यात इथे फार कटू वातावरण होते. आणखी एक तपशील जोडतो. बटलरसाठी तजवीज म्हणून जानेवारीतच सन्सने २०३१ चा स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक युटाला देऊन बदल्यात पहिल्या फेरीचे तीन दुय्यम पिक घेतले होते. मोठी नोट मोडण्याचाच हा प्रकार. त्या वेळी सगळ्यांनी टीका केली. पण त्या तिघांपैकी दोन पुढे शार्लटला देऊन सेंटर मार्क विल्यम्स मिळाला, हेही नोंदवले पाहिजे. त्याच्या दुखापतींचा इतिहास पाहता किंमत जास्त आहे, असे माझे मत आहे. पण निदान तो तरुण आहे आणि त्याचे २०२५-२६ चे वेतन लहान होते.

ड्युरँटच्या परतीच्या व्यवहारातील एक योगायोग मला विसरता येत नाही. त्याला आणताना २०२५ चा पिक ब्रुकलिनला दिला होता. ब्रुकलिनकडून तो २०२४ मध्ये ह्यूस्टनकडे गेला. सन्सचा हंगाम कोसळल्यामुळे तो दहाव्या क्रमांकाचा ठरला. आणि ड्युरँट ह्यूस्टनला गेला तेव्हा तोच पिक फिनिक्सला परत आला. त्यावर खमान मलुआच निवडला गेला.

नवा_प्रेक्षक

धन्यवाद, आता चित्र स्पष्ट होत आहे. बीलला नुसते सोडून का दिले, हे मात्र समजले नाही. पैसे तर द्यावेच लागणार ना?

हिशोबनीस

द्यावे लागणारच. यातील गणित रंजक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बीलच्या कराराची दोन वर्षे आणि सुमारे ११.०८ कोटी डॉलर शिल्लक होते. 'स्ट्रेच' नियमाप्रमाणे खेळाडूला मुक्त केल्यावर उरलेली रक्कम, शिल्लक वर्षांच्या दुपटीत एक मिळवून येणाऱ्या वर्षांवर समान वाटता येते. दोन वर्षांची पाच झाली. पण संपूर्ण रक्कम पाच वर्षांत वाटली तर वर्षाला २.२ कोटींहून अधिक येते, आणि इथे दुसरा नियम आड येतो : स्ट्रेच केलेल्या करारांची एकूण रक्कम कोणत्याही वर्षी कॅपच्या १५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. १५.४६ कोटींचे १५ टक्के म्हणजे सुमारे २.३२ कोटी. सन्सने आधीच नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल यांना स्ट्रेच केलेले असल्यामुळे त्यातील सुमारे ३८ लाख अडकलेले होते. उरले १.९४ कोटी. म्हणून बीलने जवळपास १.३९ कोटी सोडून दिले, तेव्हाच उरलेले ९.७ कोटी पाच वर्षांत, दर वर्षी १.९४ कोटी याप्रमाणे, बसले. बीलने नेमकी तेवढीच रक्कम का सोडली याचे उत्तर त्याच्या औदार्यात शोधू नये, ते या भागाकारात आहे. त्यानंतर तो क्लिपर्सकडे दोन वर्षांसाठी १.१ कोटींवर गेला.

यामुळे सन्स एका झटक्यात लक्झरी टॅक्सच्या रेषेखाली आले आणि दोन्ही ॲप्रनचे निर्बंध सुटले. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता.

रिबाउंड_ताई

इथे माझा स्पष्ट मतभेद आहे.

१.९४ कोटी डॉलर २०२९-३० पर्यंत दर वर्षी कॅपवर बसणार आहेत. बुकरला जुलै २०२५ मध्ये जी दोन वर्षांची, १४.५ कोटींची मुदतवाढ दिली, तीही २०२९-३० लाच संपते. म्हणजे बुकरच्या उरलेल्या संपूर्ण कराराच्या काळात, त्याच्या उत्तम वर्षांत, संघाजवळ एका चांगल्या मध्यम कराराएवढी रक्कम कोर्टवर न दिसणाऱ्या माणसासाठी राखीव आहे. आपण ज्याला मोकळीक म्हणता तिचे मूळ एकक, म्हणजे दोन कोटींचा करार, नेमके तेच पाच वर्षांसाठी जाळले गेले.

दुसरा मार्ग होता. आणखी एक वर्ष टॅक्स सोसायचा. २०२६-२७ मध्ये बीलचा करार शेवटच्या वर्षात आला असता, आणि संपत आलेला करार घ्यायला कोणीतरी पुढे आले असते. क्लिपर्सकडे जाण्याची त्याची इच्छा होती, म्हणजे नकाराधिकारही योग्य ठिकाणासाठी सुटू शकत होता.

हिशोबनीस

ताई, आपला आक्षेप वजनदार आहे आणि आकडे निर्विवाद आहेत. तरीही मी माझ्या मतावर राहतो, आणि त्याचे कारण २०३२ च्या पिकमध्ये आहे.

गोठलेला पिक सुटण्यासाठी संघाला पुढच्या चार हंगामांपैकी तीन हंगाम दुसऱ्या ॲप्रनच्या खाली राहावे लागते. त्या चारांपैकी दोन हंगाम वर राहिल्यास तो पिक थेट पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो, संघ कितीही वाईट खेळला तरी. बीलला ठेवून हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता, कारण सन्सकडे स्वतःचे इतर पिक उरलेलेच नाहीत. २०२७ आणि २०२९ चे ह्यूस्टनच्या हक्कात, २०३१ चा युटाकडे, आणि मधल्या सम वर्षांवर स्वॅपची साखळी. २०३१ पर्यंत एकाही वर्षी स्वतःच्या पहिल्या फेरीच्या पिकवर त्यांचा निर्वेध ताबा नाही.

याचा एक परिणाम फार क्वचित बोलला जातो. सर्वसाधारण संघ अडचणीत आला की मुद्दाम खाली जातो, वरचा पिक मिळवतो आणि पुन्हा उभा राहतो. फिनिक्सला ही पळवाट नाही. ते जितके वाईट खेळतील तितका फायदा दुसऱ्यांचा होईल. म्हणून त्यांना मध्यम दर्जाचा, टॅक्सच्या खाली राहणारा, हालचाल करू शकणारा संघ होणे भागच आहे, आणि बीलचे ५.३७ कोटींचे वेतन पुस्तकात ठेवून ते होत नव्हते.

तिसरा_कोपरा

माझा मूळ आक्षेप मी अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो. बॉस्टनचा मुद्दा पटला. पण ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण सर्वत्र आदर्श म्हणून दिले जाते, त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे. पॉल जॉर्जच्या बदल्यात २०१९ मध्ये शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक मिळाले. तो मुलगा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) होईल, आणि त्या पिकपैकी बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स सापडेल, हे कोणत्या तक्त्यात लिहिलेले होते?

रिबाउंड_ताई

नशीब होतेच. पण थंडरचा (ओक्लाहोमा सिटीच्या संघाचा) जो निर्णय मला अनुकरणीय वाटतो तो त्या ट्रेडचा नाही, आयझया हार्टनस्टाइनच्या कराराचा आहे. २०२४ मध्ये त्यांच्याकडे कॅपखाली खरोखरच जागा होती. ती वापरून त्यांनी त्याला तीन वर्षांसाठी ८.७ कोटी दिले. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, आणि तिसऱ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. शेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स यांचे मोठे करार २०२६-२७ पासून लागू होतात. हार्टनस्टाइनवरचा आणि लू डॉर्टवरचा संघाचा पर्यायही नेमका त्याच वर्षीचा आहे. दोन वर्षे आधीच दार कुठे ठेवायचे ते त्यांनी ठरवले होते. ६८ विजय आणि विजेतेपद मिळाले तो भाग नशिबाचा म्हणा, हा भाग नाही.

ह्यूस्टनचेही तसेच. २०२३ मध्ये फ्रेड व्हॅनव्हलीटला त्यांनी जास्त वेतन दिले, पण तिसरे वर्ष स्वतःच्या पर्यायावर ठेवले. २०२५ च्या उन्हाळ्यात ४.५ कोटींच्या घरातला तो पर्याय नाकारून त्याला दोन वर्षांसाठी ५ कोटींवर परत घेतले, आणि तिथून वाचलेल्या जागेत बरेच काही बसवले.

वाळवंटातला

आता पुढचे पाहू. ड्युरँटच्या ५.४७ कोटींच्या बदल्यात जेलन ग्रीनचे सुमारे ३.३३ कोटी आणि डिलन ब्रूक्सचे सुमारे २.११ कोटी आले. हिशोबनीसांच्या व्याख्येने पाहिले तर हा व्यवहार बातम्यांत म्हटले गेले त्याहून चांगला आहे. एकाचे दोन झाले, आणि आता दोघांना एकत्रही वापरता येते. चाहते मात्र 'ड्युरँट देऊन एवढेच?' असे विचारत आहेत, आणि त्यांचेही चूक नाही.

प्रश्न असा : फेब्रुवारी २०२६ मधील ट्रेडच्या मुदतीपर्यंत या दोघांपैकी कोणाला चलन समजायचे आणि कोणाला खेळाडू?

हिशोबनीस

माझे उत्तर : ग्रीनला खेळाडू समजावे, निदान २०२५-२६ च्या हंगामात, कारण त्याच्या सुरुवातीला तो २३ वर्षांचा होता आणि त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष त्याच्या मर्जीवर आहे. तो चांगला खेळला तर २०२७ मध्ये निघून जाऊ शकतो, वाईट खेळला तर ते वर्ष उचलून गळ्यात पडू शकतो. अशा कराराची किंमत आत्ता ठरवता येत नाही. ब्रूक्सचा करार उलट दर वर्षी थोडा कमी होत जातो आणि २०२६-२७ मध्ये संपतो. बचाव करणारा, प्लेऑफचा अनुभव असलेला, दोन कोटींचा खेळाडू प्रत्येक स्पर्धक संघाला परवडतो.

रिबाउंड_ताई

सहमत, पण घाई नको. ब्रूक्स दिला आणि बदल्यात लहान करारांचे तिघे घेतले तर आपण पुन्हा रिकाम्या खिशाने उभे राहू. कोणी पहिल्या फेरीचा पिक स्वॅपशिवाय आणि संरक्षणाशिवाय देऊ केला, आणि सोबत दीड कोटींच्या आसपासचा, २०२७ पर्यंत संपणारा करार ठेवला, तरच बोलणी पुढे न्यावीत. त्याखालचा प्रस्ताव आला तर ब्रूक्सला ठेवून हंगाम पूर्ण करावा. २०२६ च्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षात आलेला त्याचा करार याच दराने विकला जाईल.

वाळवंटातला

आणि त्या पिकमध्ये २०२७ चा असेल तर सर्वांत उत्तम. त्या वर्षीचा आपला स्वतःचा ह्यूस्टनकडे आहे.